खोटे म्हणून मिळालेले नाणे

आम्हांला एक खोड आहे. दुकानदाराने परत केलेली मोड आम्ही कधी न पाहता खिशात टाकीत नाही. नाणे उलटसुलट करून, सालाच्या आकड्याखाली नख फिरवून मगच ते आत जाते. कचेरीतील मंडळी याला कारकुनी चिकूपणा समजतात. आमच्या सौ.ना त्यात वडिलोपार्जित वेडाचा अंश दिसतो, आणि त्यांचेच निदान अधिक खरे आहे. वडीलही बदलीच्या नोकरीतले. त्यांची पत्र्याची एक डबी आमच्याकडे आली, तीत १९५७ सालचा नया पैसा होता, कमळाचे पितळी रंगाचे वीस पैसे होते, आणि हातांत घेतले तर आहे की नाही असे वाटावे इतके हलके ॲल्युमिनियमचे पाच पैसे होते. ज्यांचे बिऱ्हाड दर चार-पाच वर्षांनी मालमोटारीत चढते, त्यांना खिशात मावणारा छंदच परवडतो. तो वाचकांपैकीही अनेकांना असेल.

ज्यांना नसेल त्यांच्यासाठी थोडे सांगितले पाहिजे. आपल्या नाण्यावर टाकसाळीची खूण असते. मुंबईची शंकरपाळ्याच्या आकाराची, हैदराबादची चांदणी, नोएडाचा ठिपका. कोलकात्याची म्हणून काहीच खूण नसते, आणि तीच तिची खूण. १९८५ साली काही रुपये इंग्लंडातील बर्मिंगहॅमहून पाडून आणले, त्यांवर सालाखाली 'एच' हे रोमन अक्षर आहे. मोल ठरते ते धातूवरून नव्हे, आणि पुष्कळांचा समज आहे तसे निव्वळ जुनेपणावरूनही नव्हे. किती शिल्लक उरली आणि कितीजणांना हवी, एवढाच हिशेब. १९३९ सालचा चांदीचा रुपया दुर्मिळ, कारण तो फार थोडा बाजारात आला. पुढच्याच वर्षी रुपयातील चांदी निम्म्यावर आणली गेली. (त्याच १९३९ साली आमच्या जबलपूरजवळ त्रिपुरी काँग्रेस भरली होती. त्या गर्दीत कोणाच्या कनवटीला तो रुपया असेल काय, हा विचार आम्हांला उगाच सुचतो.) उलट गेंड्याचे पंचवीस पैसे अमाप निघाले, ते २०११ साली चलनातून गेले, आणि आता 'हे नाणे द्या, लाखो घ्या' अशा जाहिरातींत वावरतात. आपल्या नावावर चाललेल्या या फसवणुकीविषयी रिझर्व्ह बँकेला ऑगस्ट २०२१ मध्ये लोकांना सावध करावे लागले. आमच्याच कचेरीतील एक गृहस्थ तीत चार हजार रुपये 'नोंदणी'पायी घालवून बसले आहेत.

पण खरी मौज टाकसाळीच्या चुकांत असते. कधी कधी नुकतेच उठवलेले नाणे ठशातून सुटत नाही, तेथेच चिकटून राहते. यंत्राला त्याचा पत्ता नसतो. ते पुढची कोरी चकती खाली सरकवते. तिच्या एका अंगावर ठशाचा छाप नीट उठतो, दुसऱ्यावर अडकलेल्या नाण्याचे तोंड खोल आणि आरशातल्यासारखे उलटे दाबले जाते. हिंदी प्रांतांतले संग्राहक अशा नाण्याला 'लखी' म्हणतात. आमच्या प्रश्नाचा जन्म अशाच एका नाण्यातून झाला.

ग्वारीघाटावर संध्याकाळी नर्मदेला दिवे सोडतात. पायऱ्यांवर द्रोणांत फूल आणि वात घेऊन बायका बसतात. एका वृद्ध बाईकडून आमच्या सौ. नेहमी दिवा घेत. गेल्या वर्षी एका रविवारी मोड देताना तिने पदराची गाठ सोडून एक नाणे वेगळे काढले आणि आमच्यासमोर धरले. "काए बाबूजी, जो सिक्का खोटो है का? कोऊ नईं लेत." आकाराने दोन रुपयांचे. एका बाजूस सिंहमुद्रा. दुसऱ्या बाजूस पुन्हा सिंहच, पण आत दबलेले, आणि त्यांच्याखाली 'सत्यमेव जयते' ही अक्षरे उलटी. दोन्ही अंगांना सिंह आल्यामुळे किमतीचा आकडा कोठेच नाही. असले नाणे कोणता चहावाला घेईल? आमच्या छातीत धस्स झाले. वीस वर्षे अशा नाण्याची वाट पाहिली होती. आम्ही शक्य तितक्या थंड आवाजात म्हणालो, "लाइए, हम चला लेंगे," आणि दोन रुपयांचे चांगले नाणे तिच्या हातावर ठेवले. तिने "नर्मदा मैया भलो करे" असा आशीर्वाद दिला.

पुढच्या आठवड्यात एका जाणकार व्यापाऱ्याने ते भिंगाखाली धरले आणि आठशे रुपये देऊ केले. आम्ही विकले नाही. पण त्या रात्री आशीर्वाद आठवला आणि झोप नीट लागली नाही.

आमच्या शाखेत एक वयस्क सहकारी आहेत. कायद्याची पदवी घेतली, वकिली केली नाही. त्यांच्यापुढे आम्ही हे प्रकरण दुसऱ्याचे म्हणून मांडले. त्यांनी १८७२ च्या करार कायद्याचे सतरावे कलम काढून दाखविले. नुसते मौन म्हणजे कपट नव्हे. तेथे उदाहरणच आहे : दोन व्यापारी सौदा करतात, एकाला भावातील बदलाची खासगी बातमी आहे, ती दुसऱ्याला सांगण्यास तो बांधलेला नाही. "झाले!" म्हणून त्यांनी पुस्तक मिटले. आम्हांलाही तेवढेच हवे होते.

प्रश्न जुना आहे. ख्रिस्तपूर्व ४४ साली रोमच्या सिसेरोने कर्तव्यांवर जो ग्रंथ लिहिला, त्याच्या तिसऱ्या भागात तो जवळजवळ आमच्याच शब्दांत आला आहे, हे वाचून आम्ही चकित झालो. आपण पितळ विकतो आहोत अशा समजुतीने एखादा सोने विकत असेल, तर सज्जनाने त्याला सांगावे, की हजारांची वस्तू एका नाण्याला उचलावी? आणि त्याच्या अगदी लगत दुसरा प्रश्न आहे : नकळत पदरात पडलेले खोटे नाणे, ते खोटे आहे असे कळल्यावर, शहाण्याने दुसऱ्याला खपवावे काय? दोन पंडित तेथे भांडतात. बॅबिलोनचा डायोजेनिस (पिंपात राहणारा तो वेगळा) म्हणतो, न सांगणे आणि लपविणे एक नव्हे. अँटिपाटर म्हणतो, माणसांचे हित परस्परांत गुंतलेले आहे, सांगितलेच पाहिजे. सिसेरोचा कौल अँटिपाटरकडे आहे. गंमत अशी की, ग्वारीघाटावर हे दोन्ही प्रश्न एकाच नाण्यात एकवटले होते. बाईच्या लेखी ते खोटे होते आणि आमच्या लेखी सोने.

तथापि डायोजेनिसची बाजू इतकी स्वस्त नाही. ज्ञानाला काही मोल आहे की नाही? आम्ही वीस वर्षे पुस्तके चाळली, डोळे शिणवले. आम्ही नसतो तर ते नाणे घासून कोठेतरी मोडीत गेले असते. नाण्यांची पारख हा एकेकाळी मानाचा अधिकार होता. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात नाणी तपासणारा 'रूपदर्शक' आहे. आपल्याकडे पोतदार होते, त्यांचे आडनाव अजून चालते. पेशवाईत नाना शिक्क्यांचे रुपये एकाच बाजारात फिरत, आणि कोणत्या रुपयावर किती बट्टा हे पोतदाराने सांगायचे. पारखीबद्दल त्याला काही मिळे. पण तो पारख करी ती ज्याचे नाणे त्याच्यासाठी, त्याच्या समक्ष. पोतदाराने चांगल्या रुपयाला हिणकस म्हटले आणि तो स्वतःच ठेवून घेतला, तर त्याला आपण काय म्हटले असते? बट्टा हा शब्द आज आपण नाण्याला लावीत नाही, माणसाच्या नावाला लावतो.

बँकेतून नाण्यांची थैली आणून चाळली, तर आमच्या मते कोणाचे काही जात नाही. बँक दर्शनी मोलाने देते, दर्शनी मोलाने परत घेते, आणि तिला याहून अधिक काही विचारायचे नसते. नाणी विकायला बसलेल्या व्यापाऱ्याच्या टोपलीतून त्याच्या नजरेतून सुटलेले एखादे उचलले, तर तो दोन डोळसांचा खेळ आहे. उद्या तोही आम्हांला तसाच बनवील. येथवर आम्ही डायोजेनिसचे. मग त्या बाईच्या बाबतीत काटा कोठे रुतला? ती गरीब होती म्हणून, असे प्रथम वाटले. पण ते पुरेसे नव्हे. ती श्रीमंत असती तरी तो रुतला असता.

महिन्याभराने आम्ही ते कलम स्वतः काढून वाचले. सहकाऱ्यांनी दाखविलेले उदाहरण 'ड' होते. त्याच्या लगेच वर 'क' आहे, आणि ते त्यांनी ओलांडले होते, किंवा आम्ही. एकजण घोड्याच्या मालकाला म्हणतो, "तू नाकारले नाहीस, तर घोडा निर्दोष आहे असे मी समजेन." मालक गप्प राहतो. कायदा म्हणतो, हे मौन म्हणजे बोलणेच. आम्ही पुस्तक उघडे ठेवून बराच वेळ बसलो. बाईने आम्हांला नाणे विकले नव्हते. तिने आम्हांला विचारले होते. 'खोटो है का?' हा साधा प्रश्न होता, त्याचे उत्तर आम्हांला ठाऊक होते, आणि आम्ही 'चला लेंगे' म्हणालो. खोट्याविषयीच बोलतात तो शब्द आम्ही जाणूनबुजून वापरला. ज्ञान आमचे होते खरे. पण तिने विचारल्या क्षणी त्यातला तेवढा भाग तिचा झाला होता.

पैसे किती द्यावेत यावर घरात वाद झाला. आमचे म्हणणे निम्मे. नाणे तिचे, डोळे आमचे. सौ. काही बोलल्या नाहीत, हे आम्ही संमती समजलो. (मौनाचा अर्थ आपल्याला सोयीचा लावण्याची सवय अशी जात नाही.) रविवारी घाटावर जाऊन आम्ही बाईला सारे सांगितले : नाणे खोटे नव्हते, टाकसाळीची चूक होती, अशा चुकीला आठशे रुपये देणारे लोक आहेत. आणि चारशे रुपये पुढे केले. तिने नोटा घेतल्या नाहीत. आमच्याकडे पाहत राहिली, आणि मुळीच आवाज न चढवता म्हणाली, "तो ओई दिना काए नईं बताई?"

याला उत्तर नव्हते. आम्ही पाकिटातून उरलेले चारशे काढले. तिने ते सारे मोजून पदराच्या गाठीत बांधले. या खेपेस आशीर्वाद दिला नाही.

त्यानंतर दर रविवारी ती आपला डबा आमच्यापुढे सरकवते. शेजारच्या दोघीही सरकवतात. आम्ही पायरीवर बसून तासभर नाणी पाहतो आणि जे दिसेल ते सांगतो. बहुतेक काही नसतेच, शिवाय हल्ली दिव्याचे पैसे पुष्कळजण फोनवरूनच देतात, त्यामुळे डबेही हलके झाले आहेत. घाटावरची पोरे दोरीला लोहचुंबक बांधून पाण्यातली नाणी काढतात. त्याला पोलादी नाणी तेवढी चिकटतात, जुनी तांबे-निकेलची नाहीत. ती बुडी मारूनच काढावी लागतात. परवा असेच एका पोराने वर आणलेले नाणे बाईच्या डब्यात निघाले : १९८५ सालचा रुपया, सालाखाली 'एच'. हौशी माणूस याचे वीस-पंचवीस देईल, असे आम्ही तिला सांगितले. तिने ते हातावर घेऊन एकदा उलटसुलट करून पाहिले, आणि समोर उभ्या असलेल्या गिऱ्हाइकाला मोड म्हणून देऊन टाकले.