समाधानाचा पगार

ती मूळची दर्यापूरकडची. अमरावतीच्या आयआयएमसीतून मराठी पत्रकारितेची पदविका घेतली आणि आता अकोल्यात एका दैनिकाच्या डेस्कवर आहे. बातम्या लिहिते, पानं लावते, वेळ पडली तर स्वतः गावात जाते. एका नेत्याच्या कार्यालयातून तिला बोलावणं आलंय. त्यांची भाषणं लिहायची, सोशल मीडिया सांभाळायचा. पगार आताच्या दुप्पट आणि रविवारी सुट्टी. मी अमरावतीत जिल्हा प्रतिनिधी म्हणून निवृत्त झालो. तिने जाऊ नये असं मला वाटतं, आणि ते मी तिला फोनवरच सांगून टाकलं होतं. त्यामुळे भेटल्यावर बोलणं सुरू झालं ते वादानेच.

"जाऊ नको म्हणता, पण काहून ते सांगा ना, भाऊ."

"ते काम तुझं नाही म्हणून. बार्शीटाकळी तालुक्यातली ती बातमी आठव."

एका शेतकऱ्याने आत्महत्या केली होती आणि जिल्हा समितीने प्रकरण अपात्र ठरवलं होतं. कर्ज बिनपरवाना सावकाराचं, म्हणून एक लाखाची मदत नाही. ही त्याच्या बायकोसमोर जाऊन बसली. त्या बाईने प्लास्टिकची पिशवी जमिनीवर रिकामी केली. रेशनकार्ड, पीकविम्याची पावती, दवाखान्याच्या चिठ्ठ्या, आणि चार घड्या घातलेली एक नोटीस. ती गावातल्या सेवा सहकारी सोसायटीच्या थकबाकीची होती. तलाठ्याच्या अहवालात या थकबाकीचा उल्लेखच नव्हता. हिने गटसचिवाकडून दाखला काढला, अहवाल आणि दाखला शेजारी शेजारी छापले. फेरतपासणी झाली आणि प्रकरण पात्र ठरलं.

"त्या दिवशी तुला जे वाटलं, ते नेत्याच्या कार्यालयात वाटेल?"

"नाही वाटणार. वाटलं असतं तर तुम्हाला विचारायला आलेच नसते. पण तसं समाधान वर्षातून एखाद्या वेळी येतं, आणि घरभाडं दर महिन्याला. माझी आई काय म्हणते माहीत आहे? 'नाव त रोज येते पेपरात, मंग पगार काहून येत नाई?'"

मी तिला आगरकरांची आठवण करून दिली. तेही याच अकोल्यात मॅट्रिकपर्यंत शिकले, हालअपेष्टा काढून शिकले. मोठ्या परीक्षा दिल्या म्हणून मोठ्या पगाराची आशा धरू नकोस, असं त्यांनी आईला कळवलं होतं. तुरुंगात गेले, लोकांचा राग ओढवून घेतला आणि 'सुधारक' चालवला.

"भाऊ, आगरकर फर्ग्युसन कॉलेजात शिकवत होते. शेवटी तर प्राचार्य होते. त्यांचं घर कॉलेजच्या पगारावर चालत होतं, 'सुधारक'वर नव्हे. त्यांचा त्याग खोटा नाही. पण माझ्यासमोर त्यांचं उदाहरण ठेवायचं तर आधी मला कॉलेजात नोकरी द्या, मग मी पेपर फुकट लिहिते."

"पैशासाठीच काम करायचं असतं तर तू या धंद्यात आलीच नसतीस."

"हेच तर मालक म्हणतात. शब्दसुद्धा हेच."

इथे आमचं बोलणं अडलं आणि बराच वेळ अडूनच राहिलं. माझं म्हणणं असं, की काही कामांचा मोबदला कामातच असतो, आणि तो नाकारला तर ते काम हातून सुटतं. तिचं म्हणणं असं, की मोबदला कामात आहे हे खरं, पण तो पगारातून कापून घ्यायचा हे कोणी ठरवलं?

"सर्जनला ऑपरेशन यशस्वी झाल्याचं समाधान मिळत नाही? मिळतं. म्हणून तो फी कमी घेतो का? प्राध्यापकाला शिकवण्याचं समाधान आहे आणि सातवा वेतन आयोगही आहे. समाधानाच्या बदल्यात पगार सोडायला फक्त आम्हालाच सांगतात. आम्हाला आणि आशा सेविकांना."

"वर्तमानपत्राचं गणित वेगळं असतं. अंकाच्या किमतीत कागद आणि छपाईसुद्धा निघत नाही. सगळं जाहिरातींवर उभं आहे."

"मग कागदवाल्याला सांगा ना समाधान मान म्हणून. शाईवाल्याला सांगा. त्यांचं बिल वेळेवर जातं. तोटा आला की तो माझ्या आणि तालुका वार्ताहराच्या खात्यावर का पडतो?"

मी म्हणालो, "अन्याय आहे तर लढायला हवं, पळायला नको. कायदा तुझ्या बाजूने आहे."

"आहे ना. १९५५ चा श्रमिक पत्रकार कायदा. त्यात कामाची मर्यादा चार आठवड्यांना १४४ तास. म्हणजे आठवड्याला ३६. मला एकही आठवडा ३६ तासांचा आठवत नाही. मजिठिया वेतन आयोगाची अधिसूचना ११ नोव्हेंबर २०११ ची. मालक सुप्रीम कोर्टात गेले, ७ फेब्रुवारी २०१४ ला हरले. तरी पैसे दिले नाहीत म्हणून अवमान याचिका झाल्या. १९ जून २०१७ ला कोर्टाने सांगितलं की कंत्राटी पत्रकारांनाही हा आयोग लागू आहे, पण ज्याचं त्याने कामगार खात्याकडे जाऊन आपलं येणं सिद्ध करावं. सिद्ध कशावर करू? तालुका वार्ताहराकडे नियुक्तिपत्र नाही, हजेरीपत्रक नाही. आहे ते गळ्यातलं ओळखपत्र, तेही दर वर्षी परत मागतात. आणि हा कायदाच २०२० च्या श्रमसंहितेत विलीन करून टाकला."

मी गप्प बसलो नाही. या प्रश्नावर गप्प बसणं मला जमत नाही. मला ज्याची खरी काळजी आहे ते मी तिच्यापुढे मांडलं. पगाराची गरज असलेली माणसं एकेक करून निघून गेली, तर लेखणी कुणाच्या हाती राहील? ज्याला पगार नको त्याच्या. तालुक्याच्या गावी पगार कुणाला नको असतो? ठेकेदाराला, रेशन दुकानदाराला, पुढाऱ्याच्या पुतण्याला. त्यांना ओळखपत्र हवं असतं, तहसीलमध्ये खुर्ची मिळते म्हणून. बार्शीटाकळीच्या त्या बाईच्या पिशवीतली नोटीस त्यांच्यापैकी कोण उघडून बघेल? मेळघाटातल्या बालमृत्यूंकडे नव्वदच्या दशकात राज्याचं लक्ष गेलं, कारण धारणी-चिखलदऱ्याचे पाडे कुणीतरी पायी फिरलं. ही माणसं संपली की जिल्हा माहिती कार्यालयाच्या प्रेसनोटा तेवढ्या उरतील.

ती लगेच बोलली नाही. मग म्हणाली, "हे पटतं मला. पण भाऊ, तुम्ही माझ्याच बाजूने बोलताय. पगार इतका कमी ठेवला की कोण टिकेल हे त्या पगारानेच ठरतं. ज्यांच्या घरी बागायती आहे, नवरा जिल्हा परिषदेत आहे, त्यांना परवडतं. माझ्याबरोबर पदविका घेतलेली, घरचे मजुरी करतात अशी मुलं होती. त्यातला एक आता कुरिअरमध्ये आहे. गेलेल्यांना तुम्ही पळपुटे म्हणता. ते पळाले नाहीत, त्यांना आत येऊच दिलं नाही."

मी पळपुटे म्हणालो नव्हतो, पण 'पळायला नको' म्हणालो होतो, आणि तिने तो शब्द सोडला नाही.

"ठीक आहे. पण नेत्याकडे गेलीस की तुझं वाक्य विकलं जाईल, हे तरी मान."

"मानते. पण तिथे वाक्य कुणाचं आहे हे वाचणाऱ्याला माहीत असेल. २००९ च्या निवडणुकीत महाराष्ट्रात जाहिराती बातम्या म्हणून छापल्या, प्रेस कौन्सिलला चौकशी समिती नेमावी लागली. ती वाक्यं कोणी लिहिली? आपल्यासारख्यांनीच, बातमीदाराच्या पगारावर."

मग तिने तिच्या एका सहकाऱ्याची गोष्ट सांगितली. तालुका प्रतिनिधी आहे. घरकुलाच्या यादीत सरपंचाने पक्क्या घरांच्या मालकांची नावं घुसवल्याची बातमी त्याने दिली, पुराव्यासह. दोन महिन्यांनी वर्धापनदिनाची पुरवणी आली आणि जाहिरातींचं टार्गेट आलं. तो बिलबुक घेऊन त्याच सरपंचाच्या ओट्यावर गेला. सरपंचाने चहा पाजला, शुभेच्छांची पाव पानाची जाहिरात दिली, फोटोही दिला. बातमीचा विषय काढला नाही. बातमीदारानेही काढला नाही, आणि यादीचा पाठपुरावा तिथेच थांबला. त्या महिन्यात त्याच्या हाती जे पैसे आले, त्यात मानधनापेक्षा जाहिरातीचं कमिशन जास्त होतं.

"आता सांगा, त्याचं वाक्य विकलं गेलं की नाही?"

"गेलं."

"तरी तो पत्रकार. पत्रकार दिनाला, ६ जानेवारीला, त्याचा सत्कार होतो. मी नेत्याकडे दोन वर्षं काढून परत आले तर मला डेस्कवर घ्याल का? तुम्ही संपादक असता तर?"

"घेईन. पण राजकारणाचं बीट देणार नाही."

"आणि त्याला सरपंचाचं गाव द्याल?"

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, आजही नाही. तरीही मला वाटतं, त्या सहकाऱ्याचं बिलबुक काढून घेणं ही दुरुस्ती आहे आणि तिने नेत्याकडे जाणं ही दुरुस्ती नाही. दोन चुकांतली लहान चूक निवडली म्हणून बार्शीटाकळीला कोणी जात नाही. हे मी तिला सांगितलं. ती म्हणाली, दुरुस्ती होईपर्यंत बार्शीटाकळीला जायचं पेट्रोल कोण देईल तेही सांगा, कारण सध्या ते मीच टाकते.

माझ्याकडून तिला एकच गोष्ट हवी होती. सहायक कामगार आयुक्तांकडे द्यायच्या अर्जाचा मसुदा तिने पर्समधून काढला. तिच्याखेरीज आणखी तिघांची नावं होती, दोन पेन्सिलने लिहिलेली. ती दोघं अजून ठरवत होती. मसुद्यात तिने मागण्या आधी आणि पुरावे शेवटी घातले होते. मी क्रम बदलायला सांगितला. छापलेल्या बायलाइनच्या बातम्या तारखेनुसार लाव, पानं लावल्याच्या रात्रीचे ईमेल वेळेसकट जोड, बँकेच्या पासबुकाची पानं जोड, मग मागणी.

"म्हणजे अर्ज देऊ?"

"दे."

"आणि नेत्याला काय सांगू?"

मी पुन्हा नाही म्हण म्हणालो. तिने मसुदा घडी घालून ठेवला आणि विचारलं की अर्ज दिल्यावर बदली झाली आणि पगार थांबला, तर निकाल लागेपर्यंत चौघांनी काय करायचं. मी श्रमिक पत्रकार संघात बोलतो म्हणालो. ती म्हणाली, "आधी बोला. मी सोमवारी ठरवते."