कोलांटी

स्वस्थ बसा. पावलं जमिनीला टेकवा. अंगाचा भार कुठे पडतोय ते बघा: टाचेवर, चवड्यावर, की अंगठ्यावर?

आता एक शब्द मनात घ्या. कोल्हाटी. घाई नको. ज्या वेळूवर खेळ करायचा तो कोल्हाट, त्यावरून कोल्हाटी, अशी व्युत्पत्ती सांगतात. कोल्हाट्याची उडी ती कोल्हांटउडी. तोंडात घोळून तिची कोलांटी झाली. आपण लहानपणी गादीवर मारायचो तीच.

शेजारचा शब्द घ्या. डोंबारी. त्यात जुना 'डोम्ब' आहे. हजारेक वर्षांपूर्वी नाट्यशास्त्रावर लिहिताना अभिनवगुप्तांनी 'डोम्बिका' नावाच्या नृत्यप्रकाराची दखल घेतली आहे. शब्दाचा हा मान थोडा वेळ मनात राहू द्या.

आता लालबागचा फुटपाथ डोळ्यांपुढे आणा. बांबूंच्या दोन कैच्या, मध्ये ताणलेला दोर, खाली ढोलकी. दोरावर एक पोर, हातात आडवी लांब काठी. काठीकडे बघा. तिच्यामुळे तोल ढळायला जरा वेळ लागतो, आणि तेवढ्यात पाऊल सावरतं. पोरीचा सगळा खेळ त्या 'तेवढ्यात' आहे. तुमचा श्वास अडकला असेल, तर सोडा.

तिथून दादरला या. शिवाजी पार्कचं समर्थ व्यायाम मंदिर, स्थापना 1925. इथेही दोर आहे, पण वरून लोंबणारा. अंगठ्याच्या बेचक्यात तो धरून एक मुलगी वर चढते आणि अधांतरी आसन लावते. हा दोरीचा मल्लखांब.

दोन्ही मुली आता शेजारी ठेवा. एकीला आपण खेळाडू म्हणतो. दुसरीने खेळ संपवून थाळी फिरवली, की 1959 च्या मुंबई भिक्षा प्रतिबंधक कायद्याच्या व्याख्येत ती भीक ठरू शकते. रस्त्यावर खेळ करून पैसे मागणंही त्यात येतं. मन एकीकडे कौतुकाने वळतं, दुसरीकडे कीव करतं. का, ते स्वतःला विचारा. उत्तर लगेच नाही आलं तरी चालेल.

उद्या पेपरात कुणा पुढाऱ्याच्या 'कोलांटउडी'ची बातमी वाचाल, तेव्हा एवढंच आठवा: कोल्हाटी उडी मारतो ती चारचौघांत, सांगून, आणि चुकली तर हाड त्याचंच मोडतं.