दिलेलं आणि सोडलेलं

पैसे परत मिळाले आणि वस्तूही घरातच राहिली, तर ती वस्तू कुणाची? आमच्या सासूबाईंच्या पिढीला हा प्रश्न पडला नाही, कारण तो पडण्याची सोयच नव्हती. खडेबाजारातून आणलेलं लुगडं विरळ निघालं तर ते काखेत मारून पुन्हा दुकान गाठायचं. दुकानदार दोन शब्द बोलणार, आपण चार बोलणार, आणि जुनं लुगडं त्याच्या गादीवर ठेवल्यानंतरच दुसरं हातात पडणार. ‘लुगडंही ठेवा बाई आणि पैसेही घ्या,’ असं म्हणणारा दुकानदार भेटला असता, तर त्याच्या घरच्यांनी त्याला आधी डॉक्टरकडे नेलं असतं.

आता हे होतं, आणि बऱ्याच घरांत होतं. ऑनलाइन मागवलेली वस्तू खराब निघाली, तक्रार केली, फोटो पाठवला, की कधीकधी उत्तर येतं : पैसे परत करत आहोत, वस्तू परत पाठवायची गरज नाही. यात औदार्य थोडं आणि हिशेब जास्त आहे. दोनशे रुपयांची वस्तू परत न्यायची म्हणजे माणूस पाठवायचा, त्याचं पेट्रोल, मग गोदाम, तिथं कुणीतरी ती उघडून तपासायची, पुन्हा बांधायची, पुन्हा विकायला मांडायची. एवढं करून ती खपेलच असं नाही. खाण्याचे जिन्नस, तोंडाला लावायचं क्रीम, आतले कपडे तर परत घेऊन उपयोगच नसतो. २०१७ मध्ये ॲमेझॉननं आपल्या विक्रेत्यांना अशी सोय करून दिली, की काही वस्तूंच्या बाबतीत माल परत न मागता पैसे आपोआप परत करता यावेत. किती किमतीपर्यंत असं सोडून देतात ते कंपन्या गिऱ्हाइकाला सांगत बसत नाहीत. का सांगत नाहीत ते उघड आहे. तो आकडा कळला तर आपण बायका काय करू, हे त्यांना चांगलं ठाऊक आहे.

आमच्या दुपारच्या स्वाध्यायात अचौर्याणुव्रत चाललं होतं, तेव्हा एका नव्या सुनेनं हे विचारलं. तिला ड्रेस मटेरियल आलं होतं, रंग वेगळा होता, पैसे परत आले, कापड घरातच. यात दोष लागतो का? एक अक्का लगेच म्हणाल्या, “त्यांनीच ठेवून घ्या म्हटलंय न्हवं? मग ते दिलेलंच की!”

अक्कांचं उत्तर शास्त्राला धरून आहे. तत्त्वार्थसूत्रात चोरीची व्याख्या अगदी लहान आहे : न दिलेलं घेणं, अदत्तादान. दिलेलं असेल तर चोरी नाही. समंतभद्राचार्य रत्नकरंड श्रावकाचारात जास्त बारकाईनं जातात. परक्याची वस्तू कुठं ठेवलेली असो, पडलेली असो की विसरलेली, श्रावक ती घेत नाही. पण तिथं एक अट आहे. ती वस्तू ‘अविसृष्ट’ असली पाहिजे, म्हणजे मालकानं सोडलेली नसली पाहिजे. मालकानं सोडली तर गोष्ट वेगळी. आणि त्याच ठिकाणी आणखी एक अर्धं वाक्य आहे, जे आपण वाचताना भरभर पुढे जातो : अशी वस्तू तो स्वतः घेत नाही, आणि दुसऱ्याला देतही नाही. याकडे मी पुढे येणार आहे.

त्या सुनेचं कापड सोडलेलं होतं. तिनं खरी तक्रार केली, खरा फोटो पाठवला, समोरच्यानं जाणूनबुजून सोडलं. तिला मी म्हटलं, शिवून घाल. अडचण दुसऱ्या जातीच्या गोष्टींत आहे, आणि त्या आपल्याच बायकांत हसत हसत सांगितल्या जातात. वस्तू चांगली असते, वापरात असते, पण ‘आमची एक वहिनी लिहिते की फाटलेली आली, आणि पैसे घेते.’ फोटो काढताना शिवणीचा दोरा जरा ओढायचा. बाटली अर्धी झाल्यावर गळतीची तक्रार करायची. याला चोरी कुणी म्हणत नाही. ‘डोकं चालवलं’ म्हणतात. आणि वर, “एवढी मोठी कंपनी, तिला काय फरक पडतोय?” अशी फोडणी.

मला हे पटत नाही आणि मी ते मोकळेपणानं सांगते. इथं समोरच्यानं वस्तू सोडली ती आपल्या खोट्यावर विसंबून. ज्याला खरं काय ते माहीत नाही तो काही देत नसतो, त्याच्याकडून काढून घेतलं जात असतं. यात अचौर्याबरोबर सत्याणुव्रतही जातं, एका फोटोत दोन व्रतं. अचौर्याचे पाच अतिचार पाहा. चोराला प्रवृत्त करणं, चोरीचा माल घेणं, राज्याच्या नियमाविरुद्ध व्यापार, कमीजास्त वजनमापं, चांगल्यात हलकं मिसळून विकणं. हे बहुतेक सगळं दुकानाच्या आतल्या बाजूला बसलेल्या माणसाकडे बघून लिहिलंय. आपले आजे-पणजे त्या बाजूला बसत होते, त्यामुळे प्रवचनात तराजू आला की बायका नवऱ्यांकडे बघायच्या. आता तराजू आपल्या हातात आला आहे. मोबाइलमधला फोटो हेच वजन, आणि ते खोटं ठेवणं हेच हीनाधिकमानोन्मान. कंपनी मोठी असल्यानं वजन खरं होत नाही.

याच्या जवळपासचा, पण थोडा अवघड प्रकार म्हणजे उशिरा आलेलं पार्सल. आलं नाही म्हणून तक्रार केली, पैसे परत आले, आणि आठवड्यानं पार्सल दारात. इथं आपण खोटं बोललो नाही. पण समोरच्यानं पैसे दिले ते पार्सल हरवलं असं समजून. म्हणजे हे पार्सल पडलेल्या-विसरलेल्या वस्तूंत मोडतं, सोडलेल्यांत नाही. कळवलं पाहिजे. कळवल्यावर ‘राहू दे’ म्हणाले तर राहू दे. पुष्कळदा तसंच म्हणतात. मग कळवायचं कशाला, असं विचारणारीला मी एवढंच म्हणते की ते ‘राहू दे’ त्यांच्या तोंडून यायला हवं, आपण त्यांच्या वतीनं म्हणून घ्यायचं नाही.

इथपर्यंत मला सगळं स्वच्छ वाटत होतं. मग बरण्या आल्या.

लोणच्यासाठी मी काचेच्या सहा बरण्यांचा संच मागवला, ५९९ रुपयांचा. एक फुटून आली. मी तसंच लिहिलं : एक फुटली आहे, पाच चांगल्या आहेत. सहाही बरण्यांचे फोटो टाकले. माझी अपेक्षा एका बरणीच्या पैशांची, नाहीतर एका बरणीची. दोन मिनिटांत उत्तर आलं, पूर्ण ५९९ परत, माल ठेवून घ्या. मी पुन्हा लिहिलं, पाच चांगल्या आहेत. पुन्हा तेच उत्तर, जसंच्या तसं. पलीकडे माणूस होता की यंत्र, कोण जाणे.

दिलं, जाणूनही दिलं. तरी मला प्रश्न राहिला, आणि तो वेगळाच होता : देणारा कोण? आपण ‘कंपनी’ म्हणतो, पण बरण्या कंपनीच्या होत्या का? आपल्या देशात परदेशी भांडवल असलेल्या ऑनलाइन कंपनीला स्वतःचा माल ठेवून थेट गिऱ्हाइकाला विकता येत नाही. २०१६ साली सरकारनं घालून दिलेल्या नियमांनुसार तिनं फक्त बाजार भरवायचा, विकणारे दुसरे. म्हणून बिलाच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात विक्रेत्याचं नाव असतं. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे त्याचा पत्ता आणि संपर्क देणंही बंधनकारक आहे. ते आपण कधी वाचत नाही. पुढच्या वेळी वाचा. कुठं सुरतेची साडी असते, कुठं मुरादाबादचं पितळ. माझ्या बरण्यांचा मालक फिरोजाबादचा होता.

म्हणजे सोडणारी कंपनी आणि माल भलत्याचा. दुसऱ्याच्या दुकानातला माल तिसऱ्यानं ‘घेऊन जा’ म्हटलं तर ते दत्त की अदत्त? चीनमध्ये या प्रश्नावरून माणसं रस्त्यावर आली. तिथं पिनदुओदुओ या कंपनीनं २०२१ पासून ‘फक्त परतावा’ ही पद्धत आणली. गिऱ्हाइकाला पैसे मिळणार, माल परत द्यायचा नाही, आणि झीज विक्रेत्याची. २०२३ च्या अखेरीस ताओबाओ आणि जेडी यांनीही तेच धरलं. फुकटात माल मिळवण्याच्या युक्त्या लोक एकमेकांना शिकवू लागले. विक्रेते गिऱ्हाइकांवर दावे लावू लागले. जुलै २०२४ मध्ये त्याच कंपनीच्या ‘टेमू’ या शाखेच्या ग्वांगझूमधल्या कार्यालयात शेकडो छोटे विक्रेते घुसले, तक्रारींपायी होणारे दंड आणि अडकवलेले पैसे परत मागायला. गिऱ्हाइकाला खूश करण्याचं पुण्य एकाचं आणि खर्च दुसऱ्याचा, असा तो व्यवहार होता.

आपल्याकडे काय होतं हे कळावं म्हणून मी फिरोजाबादला फोन लावला. मोडक्यातोडक्या हिंदीत विचारलं, हे पैसे तुमच्या खात्यातून कापतात का? पलीकडचा गृहस्थ जरा थांबून म्हणाला, “कटता तो हमारा ही है, बहनजी. केस डालेंगे, मिला तो मिला.” मी म्हटलं, पाच बरण्या चांगल्या आहेत, पाचांचे पैसे पाठवते, नंबर द्या. यावर तो एकदम सावध झाला. “कौन-सी कंपनी से बोल रही हैं आप?” मी पुन्हा समजावलं. त्यानं फोन ठेवून दिला. फसवणुकीच्या फोनांनी तोही पोळलेला असणार. पैसे देते म्हणणारी बाई म्हणजे नक्की काहीतरी भानगड, हा त्याचा तर्क चूक कसा म्हणू?

हे स्वाध्यायात सांगितलं तेव्हा बऱ्याच जणी म्हणाल्या, तेवढे पैसे बस्तीच्या दानपेटीत टाका आणि मोकळ्या व्हा. आपल्या समाजाची ही जुनी सवय आहे. जे पचत नाही ते दानपेटीत. पण ते मघाचं अर्धं वाक्य इथं आडवं येतं : घेत नाही आणि दुसऱ्याला देतही नाही. फिरोजाबादच्या माणसाचे पैसे मी बेळगावच्या बस्तीला दिले, तर दाता कोण? पावती माझ्या नावाची फाटणार. आपल्याला निर्माल्याची गोष्ट लहानपणापासून माहीत आहे. पूजेत वाहिलेले तांदूळ, नारळ आपण सोडलेले असतात, तरी ते उचलून घरी आणत नाही. ते उपाध्ये नेतात. म्हणजे सोडलेली प्रत्येक वस्तू समोर दिसेल त्याची होत नाही, तिचाही एक ठरलेला वाटेकरी असतो. बरण्यांचा वाटेकरी फिरोजाबादेत बसला आहे आणि माझा फोन उचलत नाही.

शेवटी मी त्याच विक्रेत्याकडून आणखी एक संच मागवला, पूर्ण पैसे भरून. याला कुणी प्रायश्चित्त म्हणू नये. मला बरण्या लागणारच होत्या, लोणचं दोन घरांचं असतं. त्याची झीज यानं भरून निघत नाही हेही कळतं, त्यात कंपनीचा वाटा जातोच. पण पैसे त्याच्या गावाकडे पोचायला मला दुसरी वाट दिसली नाही. यावेळी सहाही धड आल्या.

आता घरात अकरा बरण्या झाल्या, आणि इथं परिग्रहाचा प्रश्न सुरू होतो, ज्याच्याकडे या सगळ्या चर्चेत कुणाचं लक्ष नसतं. ज्यांनी भांड्यांचं परिमाण घेतलं आहे त्यांनी फुकट आलेलं मोजायचं की नाही? माझ्या मते मोजायचं. कपाट फुकटाला वेगळा कप्पा ठेवत नाही. ‘ठेवून घ्या’ या शब्दांत कंपनीनं आपलं ओझं आपल्या घरी टाकलेलं असतं हेही खरं. गोदामात कचरा म्हणून जे गेलं असतं ते आता आपल्या माळ्यावर चढतं.

मग ते कामवालीला जातं. कान तुटलेली कढई, झाकण न बसणारा डबा, एका बाजूनं तापणारी इस्त्री. ती इस्त्री तर देऊच नये, शॉक बसला तर अहिंसा कुठं ठेवायची? बिघडलेलं देऊन वर दानाचा भाव आणणं हे मला त्या खोट्या फोटोपेक्षा फार वेगळं वाटत नाही. चांगलं असेल तर द्यावं, आणि काय आहे ते सांगून द्यावं.

आमच्या मावशींना मी पहिल्या संचातल्या बरण्या दाखवल्या आणि सगळं सांगितलं, फुटलेल्या सहावीसकट. त्यांनी एकेक बरणी उजेडाला धरून पाहिली, नख वाजवून पाहिलं.

“पैसे परत आले, तर मग त्या माणसाला काय मिळालं ओ?” त्यांनी विचारलं.

मी दुसऱ्या संचाचं सांगितलं. त्यांनी मान हलवली, दोन बरण्या पिशवीत घातल्या आणि तीन माझ्याकडे सरकवल्या. त्यांच्या घरी फळी एवढीच आहे म्हणाल्या.