दान की देणे?

नामपल्लीच्या न्यायालयात वकिली करणाऱ्या माणसास एक सवय जडते. दोघांमधील पैशाचा व्यवहार दिसला की तो प्रथम विचारतो: ही देणगी, की कर्जफेड? रक्कम तीच असली तरी नाते निराळे असते. देणगीदार आपल्या मर्जीचा धनी असतो. ऋणकोस मर्जी नसते.

२०१२ च्या ऑक्टोबरात जैवविविधता कराराच्या अकराव्या परिषदेसाठी जगातील राष्ट्रे आमच्या हैदराबादेत जमली, तेव्हा हाच प्रश्न त्यांच्यापुढे होता. वने, वाणे व वन्य जीव यांची विपुलता बहुतांशी गरीब देशांत, आणि धन श्रीमंत देशांत. मग रक्षणाचा खर्च कोणी सोसावा? गरीब देशांना मिळणारे साहाय्य २०१५ पर्यंत दुप्पट करावे, असे ठरले. भारतानेही ५ कोटी डॉलरांचे वचन दिले.

या साहाय्यास पुष्कळजण परोपकार समजतात. परंतु १९९२ च्या मूळ कराराचे विसावे कलम पाहावे. संवर्धनाचा वाढीव भार पेलता यावा म्हणून विकसित राष्ट्रांनी इतरांना नवे व अतिरिक्त द्रव्य द्यावयाचे आहे. आणि दारिद्र्यनिवारण हे विकसनशील राष्ट्रांचे अग्रकर्तव्य होय, हेही तेथे मान्य आहे. ही भाषा दात्याची नव्हे, ऋणकोची आहे.

हे ऋण कशाचे, ते पाहावयास दूर जाणे नको. हैदराबादहून मुंबईच्या वाटेवर जहिराबाद लागते. तेथील डेक्कन डेव्हलपमेंट सोसायटीच्या संघांतील स्त्रिया, बहुतेक दलित व अल्पभूधारक, एकाच कोरडवाहू रानात ज्वारी, राळा, तूर अशी अनेक पिके घेतात व त्यांचे बियाणे जतन करतात. शेजारीण बी उसने नेते आणि सुगीनंतर ते वाढवून परत करते. त्यात उपकाराची भाषा नाही. २०१९ साली संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाने त्यांस इक्वेटर पुरस्कार दिला. उद्या अवर्षणाने वा रोगाने मोठी पिके हतबल झाली, तर जगाला अशाच वाणांचा आधार शोधावा लागेल. जगानेही हे बी उसनेच नेलेले नाही काय?

फेब्रुवारी २०२५ मध्ये कोलंबियातील काली शहराच्या नावाने एक निधी सुरू झाला. जीवांच्या जनुकीय माहितीवर नफा मिळविणाऱ्या मोठ्या कंपन्यांनी नफ्याचा १ टक्का किंवा उलाढालीचा ०.१ टक्का त्यात भरावा, आणि निदान अर्धा भाग आदिवासी व स्थानिक समाजांस पोचावा, अशी योजना आहे. मात्र हे देणे ऐच्छिक ठेवले आहे. म्हणजे ऋण कबूल, पण फेड मर्जीवर!

यावर धनिकांचा आक्षेप असा की, पैसा मध्येच झिरपतो. आक्षेप निराधार नाही. तथापि ऋणकोला पावती मागण्याचा अधिकार आहे, कर्ज बुडविण्याचा नाही. विश्वस्ताने अफरातफर केली तर शिक्षा विश्वस्तास व्हावी, लाभार्थीस नव्हे.

आपल्या परंपरेने मनुष्य जन्मतःच ऋणी मानला. देव, ऋषी व पितर यांच्या जोडीला शतपथ ब्राह्मणाने मनुष्यऋणही सांगितले. आणि गृहस्थाच्या पंचमहायज्ञांत भूतयज्ञ आहे. जीवमात्राचे देणे आणि माणसाचे देणे एकाच वहीत मांडलेले आहे. वने राखावीत आणि राखणारा उपाशी राहावा, हा हिशेब त्या वहीत बसत नाही.

ही कसोटी आपणांसही लागू आहे. वनस्पतींवर व्यापार करणाऱ्या देशी कंपनीनेही लाभाचा वाटा दिला पाहिजे, असा निर्णय उत्तराखंड उच्च न्यायालयाने २०१८ साली दिला. २०२३ च्या कायदादुरुस्तीने त्यातून काहींना सूट मिळाली. कायद्याची सूट मिळाली तरी ऋण फिटत नाही. आपल्या देवस्थानांच्या अन्नछत्रांसाठी धान्य घेताना थोडी ज्वारी, थोडा राळा अशा जतनकर्त्यांकडून, योग्य मोल देऊन घेता येईल. ते मोल देताना मात्र आपण दान करीत आहोत, असे मनात आणू नये.