डिस्क फिरते आहे

मे संपत आलाय, नवतपा लागलाय. रात्रीचे साडेदहा झाले तरी नागपूरच्या बेसा भागातल्या घराच्या भिंती अजून ऊब सोडताहेत. कूलर घटकाभर बंद करा आणि टीव्हीच्या कपाटाशी, त्या लहानशा सर्व्हरजवळ मांडी घालून बसा.

आधी नुसतं ऐका. पंख्याची घरघर, आणि तिच्याखाली एक बारीक गुंजन. ती हार्ड डिस्क. मिनिटाला ५,४०० फेऱ्यांची असेल, तर सेकंदाला ९०. तुमचा एक सावकाश श्वास होईतो तिचे साडेतीनशेच्या वर फेरे होतात. आपल्यात काय आहे, हे तिला ठाऊक नाही.

तुम्हाला आहे. डोळे मिटा आणि एकेक आठवा. लग्नाची व्हिडिओ कॅसेट, उतरवून घेतलेली. बाळाचे फोटो. आणि आजीच्या आवाजातली भुलाबाईची गाणी. मधेच तिला ठसका लागतो, मागे कुणीतरी भांडं आपटतं, आजी थांबत नाही. गाण्यांचं कुठलंही ॲप महिन्याला पैसे भरून घ्या, हा ठसका तिथे मिळायचा नाही. इथे थोडं थांबा. घाई नाही.

आता हे सगळं पडद्यावर आणणाऱ्या जेलीफिनकडे मन वळवा. एम्बी नावाच्या सॉफ्टवेअरचा पुढचा कोड बंद झाला, तेव्हा डिसेंबर २०१८ मध्ये काही जणांनी आधीचा खुला कोड घेऊन हे वेगळं काढलं. कुणाला विचारावं लागलं नाही. परवानगी परवान्यातच लिहिलेली होती. शुल्क नाही. लॉगिनसुद्धा तुमच्याच डब्यात राहतं, कुठल्या कंपनीकडे नाही. ज्यांनी हे फुकट लिहिलं, त्यातल्या किती जणांना भुलाबाई माहीत असेल? तरी त्यांच्या संध्याकाळी तुमच्या आजीच्या कामी आल्या.

डब्यावर तळहात ठेवा. तापलाय? तापणारच, नागपुरात पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो. (कूलरचा ओला झोत मात्र थेट त्याच्यावर सोडू नका.) हातातली ऊब जाणवू द्या आणि मनात म्हणा, ही डिस्क एक दिवस जाणार. विचार टाळू नका, त्याच्याशी बसा. दोन डिस्कांवर एकदम लिहायची सोय केली असली, तरी चुकून पुसलेलं दोन्हीकडून पुसलं जातं. म्हणून विचारा: आजीची तिसरी प्रत दुसऱ्या कुणाच्या घरी आहे का? भावाकडे? मावशीकडे?

उत्तर नाही असेल, तर नाही. आज रात्री उठून काही करायचं नाही.

आणखी एक. हा डबा चालवणं घरात तुमच्याशिवाय कुणाला जमतं? सकाळी एका कागदावर मराठीत लिहून काढा: कुठलं बटण, कुठला पासवर्ड, वीज गेली-आली तर काय करायचं. तो कागद बायकोच्या, नवऱ्याच्या, आईच्या हातात द्या आणि एखादं गाणं लावायला सांगा. मधे बोलू नका. ज्या ओळीवर त्यांचं अडेल, ती ओळ पुन्हा लिहा.