आजचं आणि कायमचं

फोटोंचं फोल्डर उघडलं की छोटी छोटी चित्रं दिसावीत असं आपल्याला वाटतं. फोटो नावावरून कळत नाही, तो बघावाच लागतो. विजेच्या बिलांचं तसं नाही. तिथे सरळ यादी हवी आणि नवं बिल वर हवं. ही साधी गरज फाइल मॅनेजर, म्हणजे फोल्डर उघडून दाखवणारे प्रोग्राम, बनवणाऱ्यांनी फार पूर्वीच ओळखली. १९८४ च्या मॅकिंटॉशमध्ये प्रत्येक फोल्डरची खिडकी शेवटची जिथे आणि जेवढी होती, तिथेच आणि तेवढीच पुन्हा उघडत असे. आजही मॅकचा फाइल मॅनेजर फाइंडर ही आठवण फोल्डरमध्येच एका लपलेल्या फाइलीत ठेवतो. विंडोज ती रजिस्ट्री नावाच्या आपल्या मोठ्या वहीत लिहून ठेवतं. लिनक्सवरच्या डॉल्फिन या फाइल मॅनेजरमध्ये दोन पर्याय असतात: सगळ्या फोल्डरना एकच मांडणी, किंवा ज्याची त्याची वेगळी.

घरात आपण हे दोन्ही एकत्र सांभाळतो. सकाळचा चहा सगळ्यांना एकाच पातेल्यात होतो, पण आजोबांचा बिनसाखरेचा कप आधी बाजूला निघतो. त्यासाठी कुणाला रोज सांगावं लागत नाही. सगळ्यांसाठी एक सोयीची रीत आणि ज्याला गरज आहे त्याच्यासाठी लक्षात ठेवलेला थोडा फरक, एवढ्यावर घर नीट चालतं. प्रत्येकाला प्रत्येक गोष्ट रोज नव्याने विचारत बसलं तर दिवस पुरणार नाही. आणि कुणाचंच वेगळं काही लक्षात ठेवलं नाही, तर माणसाला आपल्याच घरात परकं वाटेल.

पण ही सोय घडवताना एक अवघड प्रश्न येतो. समजा, डिस्क भरली म्हणून तुम्ही बिलांच्या फोल्डरमधल्या फाइली आकारानुसार लावल्या. सर्वांत मोठी फाइल सापडली, काढून टाकली, काम झालं. आता ही मांडणी त्या फोल्डरची कायमची आवड समजायची का? बिचाऱ्या प्रोग्रामला तुमचं मन कळत नाही. तो शेवटचा बदल तेवढा लक्षात ठेवतो, आणि पुढच्या वेळी बिलं उलटसुलट लागलेली दिसतात. तरी विंडोजच्या रचनेत एक शहाणपण आहे. एका फोल्डरचं रूप इतरांना आपोआप लागत नाही. त्या प्रकारच्या सगळ्या फोल्डरना ते लावायचं असेल तर वेगळं बटण मुद्दाम दाबावं लागतं. शेजारीच सगळं पूर्ववत करायचंही बटण असतं. म्हणजे एकावरून सगळ्यांबद्दल ठरवायचं तर थांबून ठरवा, आणि चुकलं तर परतीची वाट मोकळी आहे.

माणसांच्या बाबतीत ही निवड आपल्याला करता येते, कारण आपल्याला मन कळतं. सहकारी एक दिवस तुटक बोलला. कदाचित घरी कुणी आजारी असेल, कदाचित रात्री झोप झाली नसेल. ती त्या दिवसाची मांडणी होती, त्याचा स्वभाव नव्हे. तिची कायमची नोंद करायची घाई नको. उलट त्याला सकाळी आल्या आल्या कामाचं बोललेलं आवडत नाही, थोडं स्थिरावू द्यावं लागतं, हे मात्र जरूर लक्षात ठेवावं. रोज दिसणारी गरज लिहून ठेवावी आणि एका दिवसाचा राग संध्याकाळी पुसून टाकावा. आज कामाला निघताना एवढंच करून बघा. कालच्या एखाद्या शब्दावरून कुणाबद्दल मनात काही पक्कं झालं असेल, तर ते पूर्ववत करा आणि त्या माणसाला आज नव्याने भेटा. याला वेळ लागत नाही आणि खर्चही नाही. तुमचा दिवस हलका जाईल, आणि त्याचाही.