आधी ब्लॉकवरचा नंबर वाच

पॉन्टिअ‍ॅक जीटीओमध्ये मूळचं 400 घन इंचांचं इंजिन ठेवू की 455 बसवू? हाच प्रश्न तू मला उन्हाळ्यात विचारलास. पानगळीत विचारलास. बर्फ पडल्यावर विचारलास. आता मिशिगनमधला बर्फ वितळायला लागला, तरी गाडी गॅरेजमध्ये ताडपत्रीखाली जिथल्या तिथे आहे. एक नट हललेला नाही. याला विचार करणं म्हणत नाहीत. याला घोंगडं भिजत ठेवणं म्हणतात.

मला एक सांग. ब्लॉकवरचा नंबर वाचलास का?

नाही ना? मग इतके महिने कशाच्या आधारावर डोकं खाजवतोयस? तू मेकॅनिकल इंजिनिअर आहेस. कंपनीत दुसऱ्याच्या ड्रॉइंगमधली मिलिमीटरच्या शंभराव्या भागाची चूक पकडतोस. आणि स्वतःच्या गाडीबद्दल म्हणतोस, "बहुतेक ओरिजिनलच असावं." बहुतेक? असावं? ही भाषा तुझ्या हाताखालच्या पोराने वापरली, तर तू त्याला दारातूनच परत पाठवशील.

तुझी गाडी 1969 ची. 1968 पासून इंजिनाच्या ब्लॉकवरही गाडीच्या व्हीआयएनचा, म्हणजे ओळख क्रमांकाचा, भाग ठोकलेला असतो. पॉन्टिअ‍ॅकमध्ये तो ब्लॉकच्या पुढच्या तोंडावर, प्रवाशाच्या बाजूला सापडतो. तारेच्या ब्रशने तेल-माती काढायची, टॉर्च धरायचा, वाचायचं. दोन अक्षरांचा कोडही तिथेच आहे. साध्या 350 हॉर्सपॉवरच्या 400 ला मॅन्युअल गिअरबॉक्स असेल तर डब्ल्यूटी, ऑटोमॅटिक असेल तर वायएस. मग काचेतून दिसणारा डॅशबोर्डवरचा व्हीआयएन बघायचा. तो 242 ने सुरू झाला तर गाडी खरी जीटीओ. नाहीतर स्वस्तातल्या टेम्पेस्टला जीटीओचे बिल्ले चिकटवून विकणारेही आहेत. शेवटी पॉन्टिअ‍ॅक हिस्टॉरिक सर्व्हिसेसकडे अर्ज करायचा. ती मंडळी कारखान्याच्या मूळ बिलाची प्रत पाठवतात. त्यात गाडी कोणत्या इंजिनासह आणि कोणत्या गिअरबॉक्ससह बाहेर पडली ते सगळं असतं.

हे काम एका दुपारचं आहे. ते तू का केलं नाहीस, तेही मला कळतं. नंबर जुळला तर 455 ची हौस गुंडाळावी लागेल. नाही जुळला तर चारचौघांत "नंबर्स मॅचिंग" म्हणून मिरवता येणार नाही. दोन्हीकडून काहीतरी सुटणार. म्हणून तू डोळ्यांवर कातडं ओढून घेतलंस आणि त्याला नाव दिलंस अभ्यास.

आता तुझ्या सबबींकडे येतो. एकेक सोलून काढतो.

पहिली सबब: मोठं इंजिन म्हणजे मोठी ताकद. आकडे बघितलेस का? 1970 मध्ये जनरल मोटर्सने मधल्या आकाराच्या गाड्यांवरची 400 घन इंचांची मर्यादा उठवली आणि जीटीओला 455 मिळू लागलं. कंपनीने त्याची ताकद सांगितली 360 हॉर्सपॉवर. त्याच वर्षीचं रॅम एअर फोर इंजिन 400 घन इंचांचं होतं आणि त्याचा आकडा होता 370. मग मोठं कोण? 455 चा खरा जोर आहे टॉर्कमध्ये. 500 पाउंड-फूट, आणि तोही खालच्या फेऱ्यांवर. पायाखाली लगेच ओढ हवी असेल तर ते उत्तम इंजिन आहे. पण त्याचा स्ट्रोक 4.21 इंच आहे, 400 चा 3.75. लांब स्ट्रोकच्या इंजिनाला वर वर फिरवायला गेलास, तर पॉन्टिअ‍ॅकचे कारखान्यातले ओतीव कनेक्टिंग रॉड सगळ्यात आधी जीव सोडतील. आणि हे सगळे आकडे जुन्या पद्धतीचे आहेत, इंजिन स्टँडवर ठेवून, जोडकामांचा बोजा न टाकता मोजलेले. चाकांवर येते ती ताकद वेगळी. हे तुला शिकवायला हवं होतं का?

दुसरी सबब तू विरुद्ध बाजूने काढतोस. म्हणतोस, मूळ गाडीला हात लावणं म्हणजे इतिहासाचा अपमान. कोणता इतिहास? जीटीओचा जन्मच नियम वाकवून झाला. 1964 मध्ये या आकाराच्या गाडीत 330 घन इंचांपेक्षा मोठं इंजिन घालायचं नाही, असा जनरल मोटर्सचा दंडक होता. पॉन्टिअ‍ॅकचा मुख्य इंजिनिअर जॉन डिलोरियन आणि त्याच्या माणसांनी टेम्पेस्ट-लेमान्समध्ये 389 घातलं आणि ते वेगळं मॉडेल म्हणून न दाखवता ऑप्शन म्हणून विकलं. मार्च 1964 च्या 'कार अँड ड्रायव्हर'मध्ये ज्या जीटीओची तारीफ छापून आली आणि जिने नाव गाजवलं, तिच्यात 389 नव्हतंच. 421 होतं. पॉन्टिअ‍ॅकची जाहिरात सांभाळणाऱ्या जिम वँगर्सने पुढे हे स्वतः कबूल केलं. त्या वेळी कुणालाही ओळखू आलं नाही, कारण पॉन्टिअ‍ॅकची ही व्ही-एट इंजिनं बाहेरून एकसारखी दिसतात. रॉयल ओकमधला रॉयल पॉन्टिअ‍ॅक हा डीलर तर पुढे ग्राहकांच्या नव्याकोऱ्या जीटीओंमध्ये 428 बसवून देत असे.

म्हणजे मोठं इंजिन बसवणं हे पाप नाही. पण 421 बसवून त्याला 389 म्हणून पुढे करणं, ही फसवणूकच होती. इंजिन बदलण्यात गैर काही नाही, बदलल्याचं लपवण्यात आहे. तू अजून काहीच बदललेलं नाहीस, पण लपवायला मात्र सुरुवात केली आहेस. तीही स्वतःपासून.

तिसरी सबब: आजच्या पेट्रोलवर जुनं 400 चालत नाही. अर्धं खरं बोलतोस. त्या 400 चं कॉम्प्रेशन 10.75 ला 1 आहे आणि ते शिशाच्या पेट्रोलसाठी बनलं होतं. आज पंपावरचं महागातलं पेट्रोल भरलंस तरी ते चढावर नॉकिंग करेल. मग करायचं काय, ते तुला माहीत नाही का? इंजिन उघडायचं, कॉम्प्रेशन साडेनऊच्या आसपास आणायचं, एक्झॉस्ट व्हॉल्व्हला कडक सीट बसवायच्या. 1970 चं 455 आणलंस तरी हेच करावं लागणार. मग पेट्रोलचं खापर बिचाऱ्या 400 वर का फोडतोस?

चौथी सबब, वेळ नाही. ही मी ऐकूनसुद्धा घेणार नाही. रोज रात्री इंजिनांचे व्हिडिओ बघायला वेळ आहे. लोकांशी "माझ्या जागी तुम्ही असता तर" म्हणत वाद घालायला वेळ आहे. हाताला ग्रीस लावायला नाही.

आणि ज्याच्याबद्दल तू चकार शब्द काढत नाहीस, ते ऐक. दीड टनाहून जड गाडी. चारही चाकांना साडेनऊ इंची ड्रम ब्रेक. पुढचे डिस्क त्या वर्षी जादा पैसे मोजून मिळत होते, तुझ्या गाडीला ते नाहीत. तू तिच्यात 500 पाउंड-फूट टॉर्क घालायला निघालास आणि थांबवायचं कसं, हा प्रश्न तुला एकदाही पडला नाही? रेडिएटर तो जास्तीचा ताप झेलेल का? मागचा डिफरन्शियल टिकेल का? पन्नास वर्षांपूर्वीची इंजिन माउंटिंग रबरं तुटली, तर इंजिन कुठे उचललं जाईल? घोडा घ्यायच्या गप्पा आणि लगामाचा पत्ता नाही. शेजारच्या सीटवर तुझी मुलगी बसणार आहे, हे तरी लक्षात ठेव.

आता निर्णय. तो इतका अवघड कधीच नव्हता.

नंबर जुळला, कागद जुळला, तर तो ब्लॉक गाडीबरोबरच राहिला पाहिजे. तो 400 म्हणूनच नीट बांध. घासलेला असेल तर तीस हजारांश इंच बोअर कर. त्याने मूळपण जात नाही, तो नंबर जागेवरच राहतो. तरीही 455 ची भूक भागत नसेल, तर दुसरं 455 शोध. पॉन्टिअ‍ॅकचं असल्यामुळे ते त्याच माउंटिंगवर, त्याच गिअरबॉक्सला बसतं. मूळ इंजिन तेल लावून, तोंडं बंद करून, स्टँडवर झाकून ठेव. भंगारात घालू नकोस, कुणाला "तात्पुरतं" देऊ नकोस. एकदा गेलेला ब्लॉक पैसे ओतूनही परत मिळत नाही.

नंबर जुळला नाही, तर मूळपणाचा जप बंद कर. मग मोकळा आहेस. त्याच 400 च्या ब्लॉकमध्ये 4.25 इंच स्ट्रोकचा क्रँक घाल, बोअर थोडा वाढव, 461 घन इंच मिळतील. रॉड मात्र फोर्ज केलेलेच घे. बाहेरून गाडी तशीच दिसेल. आणि विकायची वेळ आलीच, तर कागदावर 461 लिही.

दोन्ही वाटांवर पहिलं काम ब्रेकचं. ते झाल्याशिवाय इंजिनाचा एकही भाग मागवायचा नाही.

तुझ्या हातात कसब नसतं, तर मी एवढं बोललोच नसतो. विद्यार्थी असताना वर्कशॉपमध्ये फुटका इंजिन ब्लॉक तू एकट्याने मार्गी लावलास, तेव्हा मी बाजूला उभा होतो. म्हणूनच तुझ्या या टाळाटाळीची चीड येते.

या शनिवारी ताडपत्री काढ. नंबर आणि कोड कागदावर उतरव आणि मला पाठव. त्याआधी इंजिनाविषयी मला एकही फोन करू नकोस. ऑगस्टच्या तिसऱ्या शनिवारी वुडवर्ड अ‍ॅव्हेन्यूवर ड्रीम क्रूझ असते. तिथे तुझी जीटीओ ट्रेलरवरून नको, स्वतःच्या चाकांवर आली पाहिजे. बॉनेटखाली 400 असो की 455, मला चालेल. पण कुणी विचारलं "इंजिन कोणतं?" तर खरं उत्तर तुला एका वाक्यात, न अडखळता देता आलं पाहिजे.